चार दांड्या दिसतात, मग मेसेज का जात नाही? वाचकांचे प्रश्न, मोबाइल नेटवर्कच्या गर्दीबद्दल

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की एका टॉवरची ताकद त्याच्या हद्दीतल्या सगळ्या फोनमध्ये वाटली जाते, कुणाचीच स्वतःची वेगळी लाइन नसते. त्यावर बरीच पत्रं आली, बहुतेक लोकलमधून लिहिल्यासारखीच. त्यातले चार प्रश्न घेतेय, दुसऱ्याचं उत्तर लांबलंय पण तो प्रश्नच तसा आहे.

प्रश्न (विरारहून चर्चगेटला रोज जाणारे वाचक): सकाळी बोरिवली ते अंधेरी फोनवर चारही दांड्या असतात, फोरजी लिहिलेलं असतं, पण साधा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज त्या घड्याळाच्या चिन्हावर अडकून बसतो. कंपनीला फोन केला तर म्हणतात तुमच्या एरियात सिग्नल उत्तम आहे. खोटं बोलतात का?

खोटं नाही बोलत, पण तुम्ही विचारलं एक आणि त्यांनी सांगितलं भलतंच. दांड्या एवढंच सांगतात की टॉवरचा आवाज तुमच्या फोनला किती मोठा ऐकू येतोय. त्या टॉवरपाशी तुमच्याआधी किती जण रांगेत उभे आहेत हे दांड्यांमध्ये कुठेच दिसत नाही. वर्गात बाईंचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत खणखणीत येतो म्हणून साठ मुलांच्या शंका एका तासात सुटतील असं थोडंच आहे.

जरा आकडे मांडून बघू, हे मोजलेले नाहीत, हिशोब कळावा म्हणून धरलेत. समजा टॉवरच्या रुळांकडे तोंड केलेल्या एका सेक्टरमधून, म्हणजे एका बाजूच्या अँटेनातून, त्या घडीला ४० एमबीपीएस (सेकंदाला चार कोटी बिट) निघतायत. बारा डब्यांची लोकल आली, त्यात चार हजार माणसं धरा, त्यातली हजार तुमच्या कंपनीची, आणि त्यातल्या तीनशे जणांचा अंगठा चालू आहे. प्रत्येकाच्या वाट्याला आले साधारण १३० केबीपीएस, आणि प्लॅटफॉर्मवर आधीपासून उभे असलेले तर ह्यात धरलेच नाहीत. शिवाय डब्याचा पत्रा सिग्नल खातो, आणि ज्याच्याकडे सिग्नल कमकुवत पोचतो त्याला तेवढाच डेटा द्यायला टॉवरचा जास्त वेळ जातो, म्हणजे एकाची अडचण सगळ्यांच्या वाट्यातून कापली जाते.

अजून एक गोष्ट आहे जी प्रवाशाला कधी दिसत नाही. तुमचा फोन खिशात गप्प पडलेला असला तरी तो एका ट्रॅकिंग एरियातून, म्हणजे टॉवरांच्या एका गटाच्या हद्दीतून, दुसऱ्यात गेला की त्याला नेटवर्कला कळवावं लागतं, बाबा मी आता इकडे आलोय. रस्त्यावर माणसं एकेक करून हद्द ओलांडतात. लोकल ओलांडते तेव्हा डब्यातले सगळे फोन अर्ध्या-एक मिनिटात एकदम हाक मारतात. ती हद्द नेमकी गर्दीच्या स्टेशनापाशी रुळांना कापत असेल तर तिथे रोज सकाळी रडारड ठरलेली, आणि प्लॅनिंग करणाऱ्याने ती रेघ थोडी सरकवली तर फरक पडतो, मी स्वतः असं काम केलंय म्हणून सांगते. तेव्हा तक्रार करताना नुसतं "नेट नाही" असं लिहू नका, वेळ, कुठली दोन स्टेशनं, आणि ट्रेन चालू होती की उभी होती एवढं लिहा.

प्रश्न (डोंबिवलीहून, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी): माझा प्रोजेक्ट मोबाइल ब्रॉडबँडच्या ट्रॅफिक मॉडेलवर आहे. सर म्हणतात स्टँडर्ड मॉडेल घे, सिम्युलेटरमध्ये टाक, ग्राफ काढ. पण त्या मॉडेलमधलं वेबपान बघून धक्काच बसला, इतकं छोटं पान आता कुठे असतं! असलं जुनं मॉडेल वापरण्यात काय अर्थ आहे, मी स्वतःचं का बनवू नये?

तुझा धक्का अगदी बरोबर आहे. नवीन वाचकांसाठी आधी सांगते, ट्रॅफिक मॉडेल म्हणजे माणूस फोनवर काय काय करतो त्याचं आकड्यांतलं सोंग. किती वेळाने काहीतरी मागतो, मागितलेलं केवढं असतं, ते आल्यावर किती वेळ बघत बसतो आणि मग परत काय मागतो. अशी हजारो खोटी माणसं कॉम्प्युटरमधल्या खोट्या टॉवरखाली सोडायची आणि टॉवर कुठे दमतो ते बघायचं.

ह्याची सुरुवात टेलिफोनपासून झाली. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत आग्नर एरलांग नावाचे गणिती होते, त्यांनी १९०९ मध्ये दाखवलं की कॉल येण्याचा क्रम पॉयसॉनच्या नियमात बसतो, म्हणजे एकमेकांशी संबंध नसलेल्या घटना जशा येतात तसा, आणि १९१७ मध्ये सूत्र दिलं की इतक्या लाइनी असतील तर किती कॉल परत जातील. आजही त्यांच्या नावाने लोड मोजतात. एका तासात वीस जण प्रत्येकी तीन मिनिटं बोलले तर एक एरलांग. त्यामागे दोन गृहीतं आहेत, एक म्हणजे माणसं एकमेकांना न विचारता आपापल्या वेळी फोन करतात, आणि दुसरं म्हणजे ज्याला लाइन मिळाली नाही तो निमूटपणे निघून जातो. ही दोन्ही लक्षात ठेव, शेवटच्या प्रश्नात परत लागणार आहेत.

डेटा आला आणि हे गणित अडकलं. अमेरिकेत बेलकोर ह्या संस्थेत १९८९ पासून एका ऑफिसच्या इथरनेटवरचं, म्हणजे तिथल्या कॉम्प्युटरांना जोडणाऱ्या तारांवरचं, ट्रॅफिक बारकाईने टिपलं गेलं, आणि १९९३-९४ मध्ये त्याचा निबंध आला. कॉलसारखी गर्दी असती तर काय झालं असतं, एका सेकंदाचा ग्राफ खडबडीत दिसला असता पण मिनिटाची सरासरी घेतली की सपाट. इथे तसं झालंच नाही, सेकंद घ्या, मिनिट घ्या, तास घ्या, ग्राफ तसाच खडबडीत. ह्याला सेल्फ-सिमिलर म्हणतात. आपल्या कोकणच्या किनाऱ्यासारखं समज, नकाशा कितीही जवळून बघितला तरी रेघ सरळ होतच नाही. मग १९९५ मध्ये पॅक्सन आणि फ्लॉइड ह्यांनी आणखी नेमकं सांगितलं की माणूस सेशन सुरू करतो त्या वेळा पॉयसॉनमध्ये बऱ्यापैकी बसतात, पण त्या सेशनच्या आतले पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, बसत नाहीत. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण कुठे जुनं गणित चालेल आणि कुठे टाकून द्यायचं ते त्याने वेगळं करून दिलं. बहुतेक विद्यार्थी इथेच गल्लत करतात, सगळीकडे पॉयसॉन लावून मोकळे होतात.

आता तुझं स्टँडर्ड मॉडेल. २००२ च्या डिसेंबरात आयईईई ह्या इंजिनिअरांच्या जागतिक संस्थेने ८०२.२० नावाचा गट काढला, खास मोबाइल ब्रॉडबँडसाठी, ताशी २५० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीतसुद्धा नेट चाललं पाहिजे हे ध्येय. ते स्टँडर्ड २००८ मध्ये मंजूर झालं, बाजारात मात्र पुढे एलटीईच (आपलं फोरजी) चाललं. पण असा गट बसला की पहिला प्रश्न येतो तुलना कशी करायची? प्रत्येक कंपनी आपापली डिझाइन घेऊन येणार आणि प्रत्येकीच्या सिम्युलेशनमध्ये तिचीच डिझाइन जिंकणार, कारण खोटी माणसं तिने स्वतःच्या सोयीची घेतलेली असणार. म्हणून आधी सगळ्यांनी मिळून ठरवायचं की वेब वापरणारा असा, फाइल उतरवणारा असा, बोलणारा असा. तिथे मॉडेल हुबेहूब असण्यापेक्षा सगळ्यांना एकच असणं जास्त गरजेचं असतं. मंडईत प्रत्येकाचं वजन वेगळं असेल तर भाव करण्यात काही अर्थच राहत नाही, तसं.

त्या काळात तीनजीपीपी-२ आणि ८०२.१६एम ह्या मोबाइल स्टँडर्ड ठरवणाऱ्या गटांच्या कागदपत्रांत जे वेबचं मॉडेल आहे तेच बहुधा तुझ्यासमोर असणार. मुख्य पान सरासरी १०,७१० बाइट, त्यात चिकटलेल्या चित्रंबित्रं अशा गोष्टी सरासरी ५.६४, प्रत्येक ७,७५८ बाइटची. गुणून बेरीज केली की जेमतेम ५४ केबी! आज मोबाइलवर दोन एमबीच्या वर जाणारं पान सर्रास दिसतं, म्हणजे पस्तीसपटीहून जास्त. फाइलचं मॉडेल सरासरी २ एमबी, कमाल ५ एमबी, दोन फाइलींच्या मध्ये १८० सेकंद. आता एक फोटो पाठवला तरी तेवढा होतो.

पण आकडे जुने झाले म्हणून सगळं मॉडेल फेकू नकोस, सांगाडा बघ. त्यात एक रीडिंग टाइम आहे, सरासरी ३० सेकंद, म्हणजे पान आल्यावर माणूस ते वाचत बसतो आणि तेवढा वेळ नेटवर्क मोकळं. ही माझ्या मते त्या मॉडेलमधली सगळ्यात शहाणी गोष्ट आहे. लोक बाइट मोजतात, पण मोबाइल नेटवर्क चालतं ते माणसं मध्येमध्ये थांबतात म्हणून, सगळे एकाच वेळी सतत मागत राहिले तर कुठलाच टॉवर पुरणार नाही. सतत मागणाऱ्या माणसाचंही मॉडेल आहे, त्याला फुल बफर म्हणतात, टॉवरची कमाल ताकद बघायला ठीक आहे पण तसा माणूस जगात नसतो. नंतर तीनजीपीपी ह्या फोरजी-फाइव्हजीची स्टँडर्ड ठरवणाऱ्या गटाने बरंच सोपं करून टाकलं, एफटीपी मॉडेल १ मध्ये माणूस येतो, एक फाइल घेतो, जातो, आणि मॉडेल ३ मध्ये अर्ध्या एमबीचे तुकडे पॉयसॉनने येत राहतात. फाइव्हजीच्या कितीतरी तुलना ह्याच सोप्या माणसांवर झाल्यात.

हे थांबणं बदललंय का, हे मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. म्हणून एकदा सकाळच्या स्लो लोकलमध्ये, लेडीज डब्यात, दारापाशी उभ्या असलेल्या एका मुलीचा अंगठा मी घड्याळ लावून बघितला. स्क्रीन नाही हं, फक्त अंगठा, आणि डायरीच्या मागच्या पानावर आकडे लिहीत गेले. ४ सेकंद, ७, ३, ३, ११, मग एकदम ४८, बहुतेक काहीतरी आवडलं असणार, मग परत ५, २. तीस सेकंद सरासरीचा माणूस ह्यात कुठेच नाही. शिवाय रील्सचं अ‍ॅप पुढची क्लिप आधीच ओढून ठेवतं, म्हणजे ती बघत असतानाही फोन गप्प नव्हताच. आणि मग ठाणं आलं. चढणारा लोंढा बघून तिने फोन बॅगेत टाकला, आणि मी मान वर केली तर दिसलं की माझ्या आजूबाजूच्या सगळ्याच बायकांनी टाकला होता, कुणी बॅगेत, कुणी ओढणीत गुंडाळून हातात घट्ट. दोन-अडीच मिनिटं सगळा डबा नेटवर्कवरून गायब. गाडी सुटली, जरा उभं राहायला जागा झाली, आणि एकेक करत नाही, जवळजवळ एकत्रच सगळे फोन परत बाहेर आले.

माझं म्हणणं सगळं ह्या अडीच मिनिटांत आहे. स्टँडर्ड मॉडेलमधला प्रत्येक माणूस एकटा असतो, स्वतंत्रपणे थांबतो, स्वतंत्रपणे मागतो. मुंबईतली माणसं एकत्र थांबतात आणि एकत्र मागतात. सरासरी बरोबर आली तरी ही एकत्र येण्याची गोष्ट मॉडेलमध्ये नसेल तर ठाण्याच्या पुढच्या टॉवरचं गणित चुकणारच, आणि ते पाच-दहा टक्क्यांनी चुकत नाही, चांगलं सडकून चुकतं.

तर तू असं कर. स्टँडर्ड मॉडेल वापरायचंच, सर सांगतायत ते बरोबर आहे, नाहीतर तुझा निकाल दुसऱ्या कुणाच्या निकालाशी ताडून बघता येणार नाही. पण शेजारी स्वतःचं एक छोटं मॉडेल ठेव. मैत्रिणींची परवानगी घेऊन, लेखी घे, त्यांच्या फोनमधून फक्त पॅकेटची वेळ आणि आकार टिप, आत काय आहे ते नको, कुणाशी बोलल्या तेही नको. दहा जणींचा एक आठवडा पुष्कळ झाला. मग सरासरी काढायची घाई करू नकोस, डाउनलोडच्या आकारांची शेपटी बघ, लॉग-लॉग कागदावर (ज्याचे दोन्ही अक्ष पटींनी वाढतात) ती सरळ रेघेत उतरत असेल तर समज की एखादाच भला मोठा डाउनलोड सगळ्या बेरजेवर राज्य करतोय आणि सरासरी तुला फसवणार आहे. ट्रॅफिकची दशांश सेकंदाची, सेकंदाची, दहा सेकंदांची सरासरी घेऊन व्हेरियन्स, म्हणजे चढउताराचं माप, कसा उतरतो तेही बघ, त्याच्या उतारावरून हर्स्टचा आकडा निघतो. निखळ पॉयसॉन असेल तर तो ०.५ येतो, जितका १ कडे सरकेल तितका खडबडीतपणा हट्टी, बेलकोरच्या मोजणीत तो ०.८ च्या आसपास किंवा त्याहून वर होता. आणि शेवटी एक साधं बटण ठेव तुझ्या सिम्युलेटरमध्ये, ते दाबलं की शंभर माणसं दोन मिनिटं गप्प होतात आणि मग दहा सेकंदांत परत येतात. स्टँडर्ड मॉडेल ह्या बटणासकट आणि बटणाशिवाय चालवून दोन ग्राफ शेजारी लाव. परीक्षकांना जे दाखवायचं ते त्या दोन ग्राफच्या फरकात दिसेल.

बोलण्याचं मॉडेल घेतलंस तर एक गोष्ट जपून कर, तिथे एमबीपीएस बघायचेच नाहीत, उशीर बघायचा. आवाज दर २० मिलिसेकंदांनी एका तुकड्यात येतो, माणूस साधारण निम्मा वेळच बोलतो असं धरतात, आणि आयटीयू ह्या दूरसंचाराच्या जागतिक संस्थेच्या २००८ च्या नियमात ज्याचे ९८ टक्के तुकडे ५० मिलिसेकंदांच्या आत पोचले नाहीत तो असमाधानी. असे लोक दोन टक्क्यांच्या खाली ठेवून जितके बोलू शकतील तेवढी त्या सेलची, म्हणजे टॉवरच्या एका हद्दीची, ताकद. हा नियम मला मनापासून आवडतो, कारण त्यात टॉवर किती खूश आहे हे कुणी विचारतच नाही, कितीजण चिडले ते विचारतात.

प्रश्न (मुलुंडचे एक निवृत्त वाचक): असली मॉडेलं करायला कंपन्या आपण काय बघतो ते बघत असतात का?

काका, मॉडेलला त्याची गरजच नाही. किती बाइट, कधी आणि किती वेळाने परत एवढं पुरतं, आणि तेही हजारो फोनचं एकत्र करून. बहुतेक अ‍ॅपमधला मजकूर आता एनक्रिप्ट होऊनच जातो. तरीही कुणी तुमच्याकडे "सर्व्हेसाठी" फोनवर अ‍ॅप टाकायला सांगितलं तर ते काय काय टिपणार आहे हे लेखी मागा, २०२३ च्या डिजिटल डेटा संरक्षणाच्या कायद्यात संमती कशासाठी घेतली जातेय ते स्पष्ट सांगायची तरतूद आहे. सांगायला टाळाटाळ केली तर सरळ नाही म्हणा.

प्रश्न (गिरगावातून, गणेशोत्सव मंडळाच्या कार्यकर्त्या): अनंत चतुर्दशीला चौपाटीवर फोन लागत नाही. कंपन्या गाडीवरचे टॉवर आणून उभे करतात तरी तेच. दर वर्षी लाखो लोक येणार हे माहीत असताना आधी हिशोब का करत नाहीत?

करतात ताई, ते गाडीवरचे टॉवर त्या हिशोबातूनच येतात. पण हिशोबातला माणूस आणि चौपाटीवरचा माणूस ह्यांच्यात एक मोठा फरक आहे. मॉडेलमधला माणूस मुख्यतः घेतो, पान घेतो, व्हिडिओ घेतो, फाइल घेतो. नेटवर्कची बांधणीही तशीच, टॉवरकडून फोनकडे येणारा रस्ता रुंद आणि फोनकडून टॉवरकडे जाणारा अरुंद, आपल्याकडच्या फाइव्हजीमध्येसुद्धा वेळेचा मोठा वाटा येणाऱ्या बाजूलाच दिलेला असतो. विसर्जनाला सगळं उलटं होतं, बाप्पा पाण्यात उतरताना हजारो हात वर, सगळ्यांचं व्हिडिओ कॉल आणि लाइव्ह चालू, सगळे पाठवतायत आणि घेणारं कुणीच नाही. रुंद रस्ता मोकळा पडलेला आणि अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी. त्यात फोन जितक्या जोरात ओरडतात तितकी शेजारच्या सेलला लुडबूड जास्त, म्हणून गाडीवरचा टॉवर वाढवला की ताकद दुप्पट होते असंही नाही.

आणि मघाशी एरलांगची दोन गृहीतं लक्षात ठेवा म्हटलं होतं ना, ती इथे लागतात. २६ जुलै २००५ ला मी अंधेरीत होते. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, गुडघ्याच्या वर पाणी आणि प्रत्येकजण घरी एकच फोन लावतोय, मी पोचले का, तू पोचलास का. कुणीही आपापल्या वेळी फोन करत नव्हतं, सगळ्यांचं कारण एक आणि वेळ एक. आणि लाइन मिळाली नाही म्हणून गप्प बसणारं कुणी नव्हतं, मी स्वतः एका बंद दुकानाच्या ओट्यावर उभी राहून आईला सारखी रीडायल करत होते, बोटं पाण्याने सुरकुतून बटणं नीट दाबली जात नव्हती. माझा प्रत्येक रीडायल दुसऱ्या कुणाच्या तरी आईला जाणाऱ्या कॉलच्या आड येत होता हे मला तेव्हा कळत नव्हतं, आणि कळलं असतं तरी थांबले नसते. वीज जाऊन बरेच टॉवर बंद पडले ते वेगळंच. त्या दिवसापासून मी कुठलंही मॉडेल हातात घेतलं की आधी बघते, ह्यातला माणूस नाही मिळालं तर परत परत मागतो का. बहुतेक वेळा मागत नाही, आणि ते मला अजून खटकतं.

तुमच्या मंडळासाठी म्हणाल तर डेटावर विसंबू नका. कार्यकर्त्यांना वॉकीटॉकी मिळत असतील तर पोलिसांकडून रीतसर काय लागतं ते विचारून घ्या. निरोप साध्या एसएमएसने पाठवा, तो इवलासा असतो आणि लगेच गेला नाही तरी रांगेत थांबून पोचतो, कॉलसारखा तुटत नाही. एकदा फोन लागला नाही तर दोन मिनिटं थांबून मग लावा, लागोपाठ नको. व्हिडिओ काढा हवे तेवढे, पण पाठवायचे घरी गेल्यावर. आणि मिरवणुकीत येणाऱ्या लहान मुलांच्या खिशात घरच्यांचं नाव आणि दोन नंबर लिहिलेली चिठ्ठी घाला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, म्हणजे भिजणार नाही. भेटायची जागा गिरगावातून निघतानाच ठरवा, कुठल्या दिव्याच्या खांबाखाली ते सुद्धा.